सिरॅमिक कंपोझिटचं सिंटरिंग: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

मुंबईत सिरॅमिक कंपोझिटवर (दोन घटकांच्या मिश्र सिरॅमिकवर) काम करणारी मुलं-मुली बहुतेक पवई, माटुंगा किंवा ट्रॉम्ब्याच्या आसपासच सापडतात. प्रोजेक्ट हाती आला की सीनियर मंडळींकडून पहिला सल्ला मिळतो तो ‘स्पार्क प्लाझ्मात टाक, घनता येईल’ असा. (स्पार्क प्लाझ्मा म्हणजे वीज आणि दाब लावून पटकन सिंटर करण्याची पद्धत, ती पुढे येते.) घनता येते, हे खरं. पण कठीणपणा, चिवटपणा (भेग पसरू न देण्याची क्षमता) आणि ताकद हे गुण घनतेच्या मागोमाग आपोआप येत नाहीत. घाईने आणलेली घनता कधीकधी त्यातला एखादा गुण मारूनही टाकते. एमएस्सी, एमटेक किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असाल आणि भट्टीचा स्लॉट बुक करायच्या आधी डोक्यात चित्र स्पष्ट करायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सिंटरिंग म्हणजे काय, ही मूळ गोष्ट थोडक्यात. दाबून केलेली पावडरीची गोळी वितळणबिंदूच्या खाली तापवली की कणांमधले अणू सरकू लागतात, कण एकमेकांना जोडले जातात, मधली छिद्रं बारीक होत जातात आणि गोळी आकसते. याच तापमानाला, याच अणूंच्या हालचालीने, मोठे ग्रेन (पदार्थातले बारीक स्फटिक) लहान ग्रेनना गिळून वाढतही असतात. घट्ट होणं आणि ग्रेन वाढणं या दोन्ही क्रिया एकत्र चालतात. सिंटरिंगच्या सगळ्या पद्धती म्हणजे पहिली क्रिया पुढे काढून दुसरी मागे ठेवण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत. कंपोझिटमध्ये दुसरा घटक मध्ये येतो: तो ग्रेन अडवतो, आकसणं अडवतो, कधी हवेशी किंवा कार्बनशी रिअ‍ॅक्शन करतो.

म्हणून पद्धत थेट गुण देते असं समजू नका. पद्धतीने ठरतं ते इतकंच: छिद्रं किती उरली, ग्रेन किती वाढले, कुठली फेज (अणूंची रचना) टिकली आणि दोन घटकांच्या सीमेवर काय झालं. कठीणपणा, चिवटपणा आणि ताकद या चारांवर ठरतात. रिझल्टच्या तक्त्यात ‘पद्धत’ आणि ‘कठीणपणा’ असे दोनच कॉलम असतील तर तो तक्ता अर्धवट आहे.

सुरुवात दुसऱ्या घटकापासून करा

मुख्य घटक, म्हणजे मॅट्रिक्स, बहुतेक वेळा सहनशील असतो. अ‍ॅल्युमिना (अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) हवेत, आर्गॉनमध्ये, व्हॅक्यूममध्ये कुठेही तापवा, फारशी कुरकुर करत नाही. नखरे असतात ते दुसऱ्या घटकाचे. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: याला काय सोसत नाही?

सिलिकॉन कार्बाइडला गरम हवा सोसत नाही, त्याची सिलिका होते. कार्बन नॅनोट्यूब तर ५००-६०० अंशांच्या पुढे हवेत जळूनच जातात. झिर्कोनियम डायबोराइडला हवाही चालत नाही आणि पावडरीच्या पृष्ठभागावरचा थोडासा ऑक्साइडचा थरही घट्ट होण्याच्या आड येतो. झिर्कोनियाचं (झिर्कोनियमच्या ऑक्साइडचं) उलट: त्याला हवा आवडते, पण ग्राफाइटच्या डायमध्ये (साच्यात) व्हॅक्यूममध्ये तापवलं की त्यातला ऑक्सिजन थोडा कमी होतो, कार्बन आत शिरतो आणि पांढरी गोळी करडी किंवा काळी होऊन बाहेर येते. एवढी यादी वहीत लिहिली की निम्म्या पद्धती आपोआप गळतात.

या लेखात दोन जोड्या धरून चालू. पहिली, अ‍ॅल्युमिना आणि २० टक्के झिर्कोनिया. ही साध्या हवेच्या भट्टीत होते, म्हणून शिकायला उत्तम. दुसरी, अ‍ॅल्युमिना आणि ५ टक्के सिलिकॉन कार्बाइड. ती हवेत होत नाही.

पावडर, आणि आपली हवा

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईत पावडर पाणी धरते. बारीक पावडरीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हे प्रमाण वजनात दिसण्याइतकं असतं. वजन करण्याआधी ११० अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, डेसिकेटरमध्ये थंड करा आणि लगेच वजन घ्या. डेसिकेटरमधली सिलिका जेल गुलाबी झालेली असेल तर तो डेसिकेटर नुसता काचेचा डबा आहे. मॅग्नेशियम ऑक्साइड दमट हवेत हायड्रॉक्साइड होतं. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइड पाण्याशी रिअ‍ॅक्शन होऊन अमोनिया सोडतं, म्हणून त्याचं मिलिंग (बॉल घालून दळणं) पाण्यात अजिबात करू नका.

मिलिंग आयसोप्रोपॅनॉलमध्ये झिर्कोनियाच्या बॉलनी करतात. पहिल्या जोडीला हे उत्तम. दुसऱ्या जोडीत मात्र बॉल झिजून थोडा झिर्कोनिया मिसळतो आणि पुढे चिवटपणा वाढलेला दिसला तर तो कशामुळे, हे सांगता येत नाही. तिथे अ‍ॅल्युमिनाचे बॉल घ्या. मिलिंग झाल्यावर स्लरी तशीच ट्रेमध्ये वाळत ठेवण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. झिर्कोनिया अ‍ॅल्युमिनाच्या दीडपट जड आहे, तो खाली बसतो आणि वाळलेल्या वडीत खालचा थर वेगळा, वरचा वेगळा होतो. ढवळत ढवळत वाळवा, किंवा रोटरी इव्हॅपोरेटर वापरा. मग चाळून घ्या. इथे राहिलेले गुठळे कुठल्याही भट्टीत विरघळत नाहीत. तुटलेल्या नमुन्याच्या भेगेच्या मुळाशी तेच सापडतात.

नॅनो पावडर आणि सिलिकॉन कार्बाइडचे व्हिस्कर (केसासारखे बारीक स्फटिक) हाताळताना साधा कापडी मास्क चालत नाही. व्हिस्कर फुफ्फुसाला घातक आहेत, फ्यूम हूडशिवाय डबी उघडूच नका.

कच्ची गोळी

हँड प्रेसच्या गेजवरचा आकडा बहुतेक वेळा रॅमच्या (दाबणाऱ्या दट्ट्याच्या) तेलाचा दाब किंवा टन दाखवतो, तुमच्या पावडरीवरचा दाब नव्हे. हिशोब करा. १२ मिलिमीटर व्यासाच्या डायचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर, म्हणजे १०० मेगापास्कलसाठी सुमारे ११.३ किलोन्यूटन, साधारण सव्वा टनाच्या आत. त्यावर पाच टन लावले तर गोळी काढताना वरची चकती टोपीसारखी सुटते.

कच्च्या गोळीची घनता माप आणि वजनावरून काढून ठेवा. ती (छिद्ररहित पदार्थाच्या मानाने) ५५ टक्के असेल आणि शेवटी ९९ टक्के व्हायची असेल, तर प्रत्येक बाजू सुमारे १८ टक्के आकसणार. १२ मिलिमीटरची गोळी ९.९ मिलिमीटरच्या आसपास येणार. भट्टीतून बाहेर आलेली गोळी कॅलिपरने मोजली की पुढच्या चाचण्या करण्याआधीच अंदाज येतो. पीव्हीए बाइंडर (पावडर चिकटवून धरणारा पॉलिमर) घातला असेल तर ५००-६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक अंश या गतीनेच जा. इथे घाई केली तर आतला वायू गोळी फोडून बाहेर पडतो. स्पार्क प्लाझ्मासाठी बाइंडर घालायची गरजच नाही, पावडर थेट डायमध्ये भरतात.

पद्धती: कुठली काय करते

*साधी भट्टी.* दाब नाही, हवा आहे, मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या हीटरची भट्टी आहे. पहिल्या जोडीला १५५० ते १६०० अंशांवर एक-दोन तास पुरतात. अ‍ॅल्युमिनाचे ग्रेन वाढायला बघतात, झिर्कोनियाचे कण त्यांच्या सीमांवर बसून त्यांना अडवतात, त्यामुळे शुद्ध अ‍ॅल्युमिनापेक्षा ग्रेन बारीक राहतात. झिर्कोनियाचा खरा उपयोग पुढे आहे. तो टेट्रागोनल फेजमध्ये अडकून राहिला, तर येणाऱ्या भेगेच्या टोकाशी मोनोक्लिनिक होतो, आकारमानाने ३ ते ५ टक्के फुगतो आणि भेग दाबून धरतो. ऑस्ट्रेलियातल्या गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ साली झिर्कोनियाला ‘सिरॅमिक पोलाद’ म्हटलं ते यामुळेच. शुद्ध अ‍ॅल्युमिनाचा चिवटपणा ३ ते ४ मेगापास्कल रूट मीटर, तर या कंपोझिटचा ५ ते ८ पर्यंत जातो. बदल्यात कठीणपणा थोडा उतरतो.

दुसऱ्या जोडीला साध्या भट्टीचं तंत्र जड जातं. आर्गॉन लागतो, आणि सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण ग्रेनच्या सीमा इतक्या घट्ट धरतात की घट्ट होणंही मंदावतं. १७०० अंशांच्या वर जावं लागतं आणि तरीही छिद्रं राहू शकतात. म्हणून इथे दाबाची गरज पडते.

साध्या भट्टीतच एक युक्ती आहे, ती नवे लोक फार क्वचित वापरतात. चेन आणि वांग यांनी २००० साली दाखवलेलं दोन टप्प्यांचं सिंटरिंग: आधी थोडा वेळ वरच्या तापमानाला नेऊन घनता पुरेशी आणायची, मग तापमान झटकन खाली आणून तिथे बरेच तास ठेवायचं. खालच्या तापमानाला ग्रेनच्या सीमा हलत नाहीत, पण छिद्रं भरण्याचं काम चालू राहतं. वीज जास्त जाते, भट्टी दिवसभर अडते, पण लाखो रुपयांच्या मशीनशिवाय बारीक ग्रेन मिळतात. ज्या कॉलेजात स्पार्क प्लाझ्मा नाही तिथल्या विद्यार्थ्यांनी हे आधी करून पाहावं, असं माझं ठाम मत आहे.

*हॉट प्रेस.* ग्राफाइटची डाय, व्हॅक्यूम किंवा आर्गॉन, २० ते ४० मेगापास्कल दाब एकाच दिशेने. तापमान चढवायला आणि उतरवायला कित्येक तास. बोरॉन कार्बाइड, झिर्कोनियम डायबोराइड यांसारख्या घट्ट बंधांच्या पदार्थांना दाबाशिवाय घनता येणं अवघड, तिथे हा जुना आणि भरवशाचा मार्ग. ट्रॉम्ब्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून बोराइडांच्या हॉट प्रेसिंगवर बरंच काम प्रसिद्ध झालं आहे. या वाटेने जाणाऱ्यांनी ते पेपर आधी वाचावेत. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: दाब एकाच दिशेने असल्याने व्हिस्कर आणि चपटे कण दाबाला काटकोनात आडवे पडतात. मग त्याच नमुन्याचा चिवटपणा एका बाजूने एक आणि दुसऱ्या बाजूने दुसरा. कापण्याआधी पेन्सिलीने दाबाची दिशा नमुन्यावर लिहा, आणि पेपरमध्येही लिहा.

*स्पार्क प्लाझ्मा.* मांडणी हॉट प्रेससारखीच, पण उष्णता बाहेरच्या हीटरने येत नाही. डायमधून, आणि नमुना वीज वाहणारा असेल तर त्यातूनही, थेट विजेचे डीसी पल्स जातात. मिनिटाला १०० अंश किंवा त्याहून जास्त गतीने तापमान चढतं, दाब ३० ते १०० मेगापास्कल, वरच्या तापमानाला जेमतेम ३ ते १० मिनिटं. यात खरोखर स्पार्क किंवा प्लाझ्मा होतो का, यावर एकमत नाही. म्हणून बरेच जण याला विद्युतक्षेत्राच्या मदतीने होणारं सिंटरिंग म्हणतात. फायदा गतीचा आहे. कमी तापमानाला अणू मुख्यतः पृष्ठभागावरून सरकतात, त्याने ग्रेन जाड होतात पण छिद्रं भरत नाहीत. ही पट्टी पटकन ओलांडली तर पावडरीचा बारीकपणा घट्ट होण्याच्या कामी येतो. अ‍ॅल्युमिना १२००-१३५० अंशांतच घट्ट होतो आणि ग्रेन मायक्रॉनच्या खाली ठेवता येतात. कार्बन नॅनोट्यूबसारख्या, जास्त वेळ तापवलं तर बिघडणाऱ्या घटकांना हीच पद्धत सोयीची.

पण इथे नवे लोक दोन ठिकाणी फसतात. पहिलं, तापमान. पायरोमीटर (दुरून तापमान मोजणारं उपकरण) डायच्या बाहेरच्या पृष्ठभागाकडे किंवा त्यात केलेल्या भोकाकडे बघत असतो; नमुन्याच्या आत ५० ते १०० अंशांचा फरक सहज पडतो. नमुना वीज वाहणारा असेल तर फरक वेगळा, नसेल तर वेगळा. म्हणून अ‍ॅल्युमिनासाठी चालणारा प्रोग्रॅम बोराइडला जसाच्या तसा लावू नका. जाड नमुना जोरात तापवला तर मोठ्या आचेवरच्या बटाटेवड्यासारखं होतं: बाहेरून झालेला, आत कच्चा. कडेची आणि मध्याची घनता वेगळी मोजून बघा. दुसरं, झिर्कोनिया. ग्रेन बारीक आले म्हणजे चिवटपणा वाढला असं इथे नसतं. झिर्कोनियाचे कण फारच लहान राहिले तर टेट्रागोनल फेज इतकी स्थिर होते की भेग आली तरी ती बदलत नाही, आणि चिवटपणाचा मुख्य आधारच जातो. फार मोठे झाले तर थंड होतानाच मोनोक्लिनिक होऊन आतल्या आत भेगा पडतात. मधला टप्पा शोधावा लागतो. चमकदार बारीक ग्रेनची गोळी साध्या भट्टीतल्या गोळीपेक्षा कमी चिवट निघाली, तर मशीनला दोष देऊ नका, झिर्कोनियाच्या कणांचं माप घ्या.

मशीनवर काम करताना रॅमच्या हालचालीचा आलेख समोर ठेवा. गोळी आकसते तोवर रॅम सरकतो. रेषा आडवी झाली की आकसणं संपलं, त्यापुढचा वेळ फक्त ग्रेन वाढवतो. ग्राफाइट स्वतः फुगतं, म्हणून आधीच घट्ट झालेली गोळी आत ठेवून तोच प्रोग्रॅम एकदा चालवा आणि तो आलेख वजा करा. डायला ग्राफाइट फॉइल लावायला विसरू नका. काळी पडलेली झिर्कोनियाची गोळी हवेत १००० अंशांच्या आसपास काही तास ठेवली की पांढरी होते. त्याआधी वरचा कार्बनचा थर घासून काढा.

*हिप (हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंग).* सगळ्या बाजूंनी सारखा आर्गॉनचा दाब, १०० ते २०० मेगापास्कल. नमुना आधीच सुमारे ९२-९५ टक्के घट्ट आणि छिद्रं बंद झालेली हवीत; उघड्या छिद्रांत वायू सरळ शिरतो आणि दाब काहीच करत नाही. शेवटची एक-दोन टक्के छिद्रं काढायची असतील आणि प्रत्येक नमुन्यावर भरवसा ठेवायचा असेल, तर हिपला तोड नाही.

सिंटरिंग कसं केलं याचं महत्त्व एका जुन्या घटनेतून कळतं. खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी झिर्कोनियाची डोकी (सांध्यातले गोल भाग) बनवणाऱ्या एका युरोपीय उत्पादकाने सिंटरिंगची बॅच भट्टी बदलून सलग चालणारी बोगदा भट्टी आणली. पावडर तीच होती. २००१ साली त्या भट्टीतल्या काही बॅचची डोकी रुग्णांच्या शरीरात कमी काळात फुटू लागली आणि माल परत घ्यावा लागला. शरीरातल्या ओलाव्याने झिर्कोनियाची फेज हळूहळू बदलते, आणि भट्टी बदलल्याने पदार्थाची त्याविरुद्धची प्रतिकारशक्ती बदलली होती. त्यानंतर सांध्यांसाठी अ‍ॅल्युमिना-झिर्कोनिया कंपोझिटला जोर आला. ती डोकी आधी सिंटर करून मग हिप करतात. ‘भट्टीच तर बदलली’ असं कुणी म्हणालं तर त्याला हे सांगा.

*बाकीच्या.* मायक्रोवेव्हमध्ये अ‍ॅल्युमिना सुरुवातीला ऊर्जा घेतच नाही, म्हणून बाजूला सिलिकॉन कार्बाइडचे तुकडे ठेवून आधी गरम करतात. झिर्कोनिया तापल्यावर एकदम ऊर्जा खेचतो आणि कुठेतरी एक जागा बेफाम तापते. फ्लॅश सिंटरिंग २०१० साली कोलोराडो विद्यापीठातल्या राज यांच्या गटाने दाखवलं: विद्युतक्षेत्र लावून झिर्कोनिया ८५० अंशांच्या भट्टीत पाच सेकंदांच्या आत घट्ट. ३०० अंशांच्या खालचं कोल्ड सिंटरिंगही आहे, त्यात थोडं पाणी आणि मोठा दाब वापरतात. ही क्षेत्रं सुंदर आहेत, पण पहिल्या वर्षी यांच्या मागे लागू नका.

घनता नीट मोजा

आर्किमिडीजची पद्धत (गोळी हवेत आणि पाण्यात तोलून घनता काढणं) सोपी वाटते आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात.

पहिली चूक सैद्धांतिक घनतेची. २० टक्के झिर्कोनिया म्हणजे वजनाने की आकारमानाने? अ‍ॅल्युमिना ३.९८ आणि झिर्कोनिया ६.०८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरा. आकारमानाने २० टक्के असेल तर सैद्धांतिक घनता ४.४०. वजनाने २० टक्के असेल तर ४.२८. वजनाने मिसळून आकारमानाचं सूत्र लावलं, तर पूर्ण घट्ट गोळीही ९७ टक्केच दिसते. मग भट्टी आणखी ५० अंशांनी वाढवली जाते, ग्रेन वाढतात, ताकद उतरते, आणि मुळात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतंच. चुकीच्या भागाकारापायी महिना जातो.

दुसरी चूक पाण्याच्या तापमानाची. पाण्याची घनता २० अंशांना ०.९९८२, पण एसी नसलेल्या आपल्या लॅबमध्ये ३० अंशांना ०.९९५७. फरक पाव टक्क्याचा. ९९.३ की ९९.६ असा वाद घालायचा असेल तर पाण्यात थर्मामीटर बुडवाच. गोळी आधी पाण्यात उकळून किंवा व्हॅक्यूममध्ये ठेवून छिद्रांतली हवा काढा, आणि टांगलेल्या गोळीला चिकटलेला बुडबुडा दिसला तर रीडिंग घेऊ नका.

एवढी काळजी कशाला? कारण छिद्रं वाढतात तशी ताकद घातांकी वेगाने घसरते. नेहमीचे स्थिरांक धरले तर तीन टक्के छिद्रं ताकदीतून १०-२० टक्के कापतात.

आत काय आहे ते बघा

पॉलिश केलेला नमुना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या (एसईएम) बॅकस्कॅटर मोडमध्ये बघितला की झिर्कोनिया पांढरा आणि अ‍ॅल्युमिना काळपट दिसतो. मिलिंग कसं झालं होतं ते पाच मिनिटांत कळतं. तुमच्या कॉलेजात एसईएम नसेल तर आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (सामायिक उपकरण केंद्रात) बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून नमुने तपासून मिळतात. रांग असते, म्हणून सेमिस्टरच्या शेवटाची वाट बघू नका.

ग्रेनच्या सीमा दिसण्यासाठी थर्मल एचिंग करतात, सिंटरिंगच्या तापमानापेक्षा ५० ते १५० अंश खाली, १५ ते ३० मिनिटं. स्पार्क प्लाझ्माची १२५० अंशांची गोळी आणि भट्टीची १६०० अंशांची गोळी एकाच वेळी १५०० अंशांना एच करू नका: पहिलीचे ग्रेन तिथेच वाढतील आणि तुम्ही जे मोजाल ते एचिंगने बनवलेलं असेल. सिलिकॉन कार्बाइड असेल तर एचिंगही आर्गॉनमध्ये किंवा व्हॅक्यूममध्ये. रेषेवरचे छेद मोजून ग्रेनचा आकार काढताना काही जण १.५६ ने गुणतात, काही नाही. काय केलंत ते लिहा.

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी फेज ओळखण्याच्या चाचणीत) झिर्कोनियाची टेट्रागोनल रेषा तांब्याच्या किरणांना ३०.२ अंशांजवळ आणि मोनोक्लिनिकच्या दोन रेषा २८.२ आणि ३१.५ अंशांजवळ असतात. पॉलिश केलेला पृष्ठभाग आणि तुटलेला पृष्ठभाग दोन्ही तपासा. तुटलेल्यावर मोनोक्लिनिक वाढलेलं दिसलं तर भेग जाताना फेज खरोखर बदलली. दोन्ही सारखे दिसले तर चिवटपणा दुसऱ्या कशातून येतोय. खडबडीत ग्राइंडिंगनेही फेज बदलते, म्हणून नुसता घासलेला पृष्ठभाग तपासून निष्कर्ष काढू नका.

कठीणपणा आणि चिवटपणा

व्हिकर्सच्या (हिऱ्याचं टोक दाबून उमटवलेल्या) ठशाचा कर्ण मोजताना दोन मायक्रॉन इकडेतिकडे होणं सहज आहे. १० किलोच्या भाराला १०६ मायक्रॉनचा कर्ण म्हणजे १६.२ गिगापास्कल; १०४ वाचला तर १६.८. पण १ किलोच्या भाराला तोच कठीणपणा ३३.५ मायक्रॉनचा ठसा देतो, आणि ३१.५ वाचला तर थेट १८.३ गिगापास्कल. त्यात भार कमी केला की सिरॅमिक मुळातच कठीण दिसतात. भार लिहिल्याशिवाय कठीणपणाचा आकडा कुणालाही देऊ नका.

ठशाच्या कोपऱ्यातून निघालेल्या भेगा मोजून चिवटपणा काढणं स्वस्त आहे, म्हणून सगळे करतात. २००३ साली अ‍ॅल्युमिनात १० टक्के कार्बन नॅनोट्यूब घालून स्पार्क प्लाझ्माने ११५० अंशांना केलेल्या कंपोझिटचा चिवटपणा याच पद्धतीने ९.७ मेगापास्कल रूट मीटर निघाला आणि जगभर गाजला. २००४ साली वांग, पडतुरे आणि तानाका यांनी अशाच कंपोझिटमध्ये धारदार खाच पाडून तो तोडून पाहिला, तर चिवटपणा साध्या अ‍ॅल्युमिनाइतकाच. नॅनोट्यूबमुळे ठशाखालचा पदार्थ चेपून, सरकून घेत होता, म्हणून भेगा निघतच नव्हत्या. ठशाची पद्धत स्वतःच्या नमुन्यांची आपसात ढोबळ तुलना करायला वापरा. ‘इतका चिवट’ असा दावा करायचा असेल तर खाच पाडलेल्या पट्टीची चाचणीच करा.

ताकदीसाठी प्रमाणित पट्टी ३ × ४ × ४५ मिलिमीटरची असते. २० मिलिमीटरच्या स्पार्क प्लाझ्मा चकतीतून ती निघत नाही. म्हणजे डायचा आकार ठरवतानाच कुठली चाचणी करायची ते ठरलेलं हवं, नाहीतर चकतीच्या द्विअक्षीय चाचणीवर भागवावं लागतं. आणि पृष्ठभाग. १९९१ साली निहारा यांनी अ‍ॅल्युमिनात ५ टक्के नॅनो सिलिकॉन कार्बाइड घालून ताकद ३५० मेगापास्कलवरून १००० च्या वर गेल्याचं दाखवलं. पुढे इतरांना इतकी मोठी वाढ मिळाली नाही. वाढीचा काही भाग पृष्ठभाग कसा घासला-पॉलिश केला यातून येत होता. दोन पद्धतींची तुलना करताना पॉलिशिंगची शेवटची पायरी दोन्हीकडे तीच ठेवा.

पहिली मालिका

पहिल्याच प्रयत्नात सगळ्या पद्धती नकोत. अ‍ॅल्युमिना आणि २० टक्के झिर्कोनिया, वजनाने की आकारमानाने ते वहीत पहिल्या ओळीत. साध्या भट्टीत १५००, १५५० आणि १६०० अंश, दोन तास. स्पार्क प्लाझ्मात १२५० आणि १३५० अंश, पाच मिनिटं, ५० मेगापास्कल. २० मिलिमीटरच्या डायला त्यासाठी १५.७ किलोन्यूटन लागतात. प्रत्येक फेरीत शुद्ध अ‍ॅल्युमिनाची एक गोळी सोबत, तिच्याशिवाय झिर्कोनियाने काय केलं हे वेगळं काढता येत नाही.

आणि एक गोळी अशी करा, जी बहुतेक लोक करत नाहीत: स्पार्क प्लाझ्माची एक घट्ट गोळी नंतर हवेत १५५० अंशांना ठेवून तिचे ग्रेन भट्टीतल्या गोळीइतके वाढू द्या. आता दोन गोळ्यांची घनता आणि ग्रेन जवळपास सारखे, पण पद्धती वेगळ्या. गुण सारखे आले तर पद्धतीने जे दिलं ते बारीक ग्रेन इतकंच होतं. फरक उरला तर सीमांवर किंवा फेजमध्ये काहीतरी वेगळं आहे, आणि तुमच्या थीसिसचा विषय तिथे आहे. प्रत्येक गोळीचा अर्धा तुकडा न तोडता, नाव आणि दाबाची दिशा लिहून, डेसिकेटरमध्ये ठेवा. परीक्षक हमखास एक चाचणी पुन्हा करायला सांगतात.